नळीवरची काळी खूण

रस्त्याच्या वळणावर, चपला दुरुस्त करणाऱ्याची टपरी आणि बंद पडलेले रंगाचे दुकान यांच्यामध्ये एक लहानसे सलून आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि वाट पाहणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक, एवढाच त्याचा पसारा. दुकानाच्या मालकाला सारा रस्ता ‘आबा’ म्हणतो. परंतु हे कोणाचे आबा, असे कोणी विचारले असते, तर मागच्या वर्षापर्यंत त्याला उत्तर मिळाले नसते, कारण त्यांच्या घरात नातवंडच नव्हते. केस लवकर पिकले म्हणून लोक त्यांना आबा म्हणू लागले. नाते मागाहून आले.

आबांचा हात हलका होता, आणि तीच त्यांची आयुष्याची कमाई होती. लहानपणी ते आपल्या मामांच्या दुकानात हा धंदा शिकले. मामांनी त्यांना कित्येक महिने माणसाच्या गालाला हात लावू दिला नाही. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो फेस वस्तऱ्याने उतरवायचा, हाच त्यांचा अभ्यास. फुगा फुटला की डोक्यात टपली बसे. फुगे फुटायचे थांबले, तेव्हा मामांनी एके दिवशी खुर्चीत बसून स्वतःची मान पुढे केली. आबांच्या सांगण्याप्रमाणे, त्या दिवसासारखी भीती त्यांना पुन्हा कधी वाटली नाही. निदान नात जन्मेपर्यंत तरी नाही.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती. दाढी झाली, तुरटी फिरवली, की ते तळहातावर तेलाचा एक थेंब घेत, तो चोळून कोमट करीत आणि गिऱ्हाइकाच्या गालांवरून हात फिरवीत. लाल झालेल्या गालाने आपल्या दारातून कोणी बाहेर पडता कामा नये, असा त्यांचा नियम होता. त्या एका थेंबासाठी लोक दुसरी दुकाने ओलांडून त्यांच्याकडे येत, ही गोष्ट खरी आहे.

आबांची पत्नी पूर्वीच वारली होती. एकुलता एक मुलगा मालाची गाडी चालवीत असे आणि आठवड्यातील बरेच दिवस परगावी असे. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम करी. स्वभावाने ती तिखट होती, पण मनाने निर्मळ होती. सासरा आणि सून यांचे बोलणे कामापुरते चाले. त्यात वैर नव्हते, पण सलगीही नव्हती.

सुनेला दिवस गेले आणि ती वेळेच्या बरीच आधी बाळंत झाली. मुलगी इतकी लहान होती की पहिल्यांदा काचेच्या पेटीत पाहिल्यावर आबांना ती दिसलीच नाही. त्यांना फक्त नळ्या दिसल्या. वॉर्डातल्या नर्सबाईंनी तिचे नाव ‘मुंगी’ ठेवले. “एवढीशी आहे, पण एक क्षण स्वस्थ बसत नाही,” असे त्या म्हणत. घरातही तेच नाव चालू झाले.

अनेक आठवडे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. हळूहळू मुंगीचा श्वास सुधारला आणि ती पेटीतून बाहेर आली. एक गोष्ट मात्र तिला जमेना. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे तिला एका वेळी साधत नव्हती. दोन घोट घेतले की ती दमे. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, की बाकी सारे ठीक आहे, बाळाला घरी न्या. नाकातून पोटात गेलेली बारीक नळी मात्र राहील. दूध त्या नळीतून द्यायचे. वॉर्डातल्या सिस्टर घरी येऊन पाहतील. पण अट एकच, ती नळी सांभाळू शकणारी दोन माणसे घरात हवीत.

एक माणूस म्हणजे सून. मुलगा घरी नसे. दुसरा माणूस कोण, हा प्रश्न विचारण्यासारखाच नव्हता.

“मला नाही जमायचं,” आबा दुकानात म्हणाले. खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना सारे पोस्टमास्तर म्हणत. ते रोज दाढीला येत आणि दाढी झाली तरी जात नसत.

“का नाही जमायचं?” पोस्टमास्तर फेसातून बोलले. “इतकी वर्षं तुझ्या वस्तऱ्यापुढे गळा उघडा करून बसतोय मी. भरवसा आहे म्हणूनच ना? आणि तू त्या वीतभर पोरीला भितोस?”

“तुमचा गळा कापला गेला तर रस्ता शांत होईल. तिचं तसं नाही.”

“उपकार झाले. आता कल्ले सारखे कर.”

शेवटी आबा वॉर्डात शिकायला गेले. सिस्टर ठेंगण्या बांध्याच्या आणि हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला असे. त्यांनी आबांसमोर रबराची एक बाहुली ठेवली, तिच्या नाकात नळी घातली आणि आबांच्या हातात दट्ट्या काढलेली मोठी पिचकारी दिली. या वयात पुन्हा उमेदवारी करावी लागते आहे, याचे आबांना हसू आले. परंतु ते हसले नाहीत, कारण सिस्टर हसत नव्हत्या.

“दूध ढकलायचं नाही, आबा. नुसतं वर धरायचं. ते आपलं आपण उतरतं.”

“आणि नाही उतरलं तर?”

“तर जरा आणखी वर धरायचं. घाई कुणाला आहे?”

“मला नाही. घाई गिऱ्हाइकांना असते.”

“ही गिऱ्हाईक नाही.”

“तेच तर. गिऱ्हाइकाला मान वळवा म्हटलं की वळवतं.”

सिस्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नळीवरची एक काळी रेघ दाखवली. ती रेघ नाकपुडीला अगदी टेकलेली होती. दूध देण्यापूर्वी प्रथम ती पाहायची. ती जागेवर असेल, तर दट्ट्या असलेल्या लहान पिचकारीने पोटातला थेंबभर रस ओढून कागदाच्या पट्टीवर टाकायचा, पट्टीचा रंग बदलला, म्हणजे नळी पोटातच आहे हे कळले, तरच दूध जोडायचे.

“आणि खूण सरकलेली दिसली, आत किंवा बाहेर, जराशीसुद्धा, तर दूध नाही. नळी पुन्हा आत सारायची नाही. मला फोन करायचा.”

“एवढीशी सरकली असली तरी?”

“एवढीशीच सरकते, आबा. नळी श्वासाच्या वाटेत गेली आणि वरून दूध ओतलं, तर आपण सगळे परत काचेच्या पेटीपाशी.” मग त्या थोड्या थांबून म्हणाल्या, “अजून एक. चुका होतात. चूक करून सांगितलीत तर मी रागावणार नाही. लपवलीत, तर बाळ वॉर्डात परत आणीन. लपवणाऱ्या घरात मी नळी ठेवत नाही.”

हे वाक्य आबांनी मनात पक्के साठवून ठेवले.

मुंगीला घरी आणण्यापूर्वी सिस्टर जागा पाहण्यास आल्या. सलूनच्या वरच घराच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेरून लोखंडी जिना होता. सुनेने आणि आबांनी दोन दिवस खपून भिंती पुसल्या होत्या. सिस्टरांनी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले आणि ते उजेडात धरले. बोटावर एक केस होता.

“हा कुणाचा?”

“या रस्त्यावरच्या कुणाचाही असेल,” आबा प्रामाणिकपणे म्हणाले.

तेव्हापासून नियम झाला. दुकानाच्या मागच्या नळाखाली आंघोळ करून, कपडे बदलूनच आबांनी जिना चढायचा. बाहेरच्या कोणी उंबरा ओलांडायचा नाही. दिवसातून अनेक वेळा आंघोळ करणारा न्हावी म्हणून चपलावाला त्यांना चिडवू लागला. “आबा, रंग जाईल हो अंगाचा,” असे तो म्हणे. आबा ओल्या केसांनी हात हलवीत आणि वर जात.

मुंगी घरी आली, त्या दिवशी मुलाने रजा घेतली होती. एरवी मालाची गाडी भरधाव हाकणारा हा माणूस त्या दिवशी इतका हळू आला की मागचा सायकलवाला सारखी घंटी वाजवत होता. सून मागून आणलेल्या मोटारीच्या मागच्या सीटवर बाळाला छातीशी धरून बसली होती. पोस्टमास्तर बाकावरून उठून उभे राहिले आणि टोपी काढून पुन्हा घातली. चपलावाला दबक्या पावलांनी वाटेतून बाजूला झाला. गोंगाट केला तर आलेले सुख परत जाईल, अशी धास्ती त्या दिवशी सर्वांच्याच मनात असावी.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि घर सुरळीत चालू लागले. दर थोड्या तासांनी दूध. सून हात धुई, खूण पाही, पट्टी पाही, पिचकारी वर धरी. दूध उतरत असताना मुंगीच्या तोंडात चोखणी द्यायची, म्हणजे तोंड हलले की पोट भरते हे तिला उमगेल, असे सिस्टरांनी शिकवले होते. आबांची पाळी आली की सून काम टाकून समोर येऊन उभी राही. ती टोके पण सहज टोके, पाणी मागावे तशी.

“आबा, कोपर खाली आलं.”

“येऊ देत नाही.”

“आलं होतं. आणि तिच्याशी बोलताना वाकू नका.”

“वाकल्याशिवाय तिला ऐकू कसं जाणार?”

“खालच्या चपलावाल्याला ऐकू जातं. तिला नाही जाणार?”

आबांना या पहाऱ्याचा राग येत नसे, असे म्हटले तर ते खोटे होईल. ज्या हातावर सारा रस्ता भरवसा ठेवतो, त्या हाताकडे घरचेच माणूस डोळे लावून उभे राहते, हे त्यांना बोचत असे. परंतु ते स्वतःशी म्हणत, की आई आहे, तिला हक्क आहे, आणि भरवसा मागून मिळत नाही.

असा पहिला आठवडा सरत आला. सुनेला स्वतःच्या तपासणीसाठी रुग्णालयात जायचे होते. मुलगा परगावी होता. सकाळी तिने मुंगीचे तोंड पुसून गालावर नळी धरून ठेवणारी जुनी चिकटपट्टी सोडवली आणि नवी लावली. दुपारचे दूध काढून फ्रीजमध्ये ठेवले. मग ती आंघोळीला गेली आणि आबा बाळापाशी बसले.

तेव्हा त्यांनी मुंगीचा गाल जवळून पाहिला. पट्टी काढून लावून तो लालबुंद झाला होता. नव्या पट्टीच्या कडेने कातडी सोलवटल्यासारखी दिसत होती. दाढीनंतर असा गाल त्यांनी हजारो वेळा पाहिला होता आणि त्यावर काय करायचे हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. त्यांनी विचार असा केलाच नाही. त्यांनी खाली जाऊन तेलाची बाटली आणली, आंघोळीचा नियम विसरून नुसते हात पुन्हा स्वच्छ धुतले, बोटावर एक थेंब घेऊन तो चोळून कोमट केला आणि पट्टीच्या कडेकडेने, मोराचे पीस फिरवावे तसा, मुंगीच्या गालावर फिरवला. मुंगीने डोळे मिटले. आबांना फार समाधान वाटले. बाटली त्यांनी पुन्हा खाली नेऊन ठेवली.

सून तयार होऊन आली. “सगळं ठीक ना, आबा?”

“ठीक आहे. तू जा.”

“खूण?”

“जागेवर. ये, बघ.”

तिने पाहिले. खूण खरोखरच जागेवर होती. ती गेली.

दुपारच्या दुधाची वेळ झाली. आबांनी दूध कोमट पाण्यात ठेवले, हात कोपरापर्यंत धुतले आणि बाळाजवळ आले. पट्टीचे टोक वाळलेल्या पानासारखे वर वळले होते. बाकीची पट्टीही गालावर नुसती टेकलेली होती, धरून काही नव्हती. काळी खूण नाकपुडीपासून नखभर बाहेर आली होती.

तेल कोठे गेले, हे आबांना तत्काळ समजले. ते पट्टीखाली गेले होते. तेल लावलेल्या कातडीवर काही चिकटत नाही, ही गोष्ट त्यांना स्वतःच्या धंद्यातून चांगली माहीत होती. पण योग्य वेळी कामास न आलेले ज्ञान असून नसून सारखेच.

मुंगी जागी झाली. तिला भूक लागली होती. तिचे रडणे मोठे नव्हते. दारावर कोणीतरी नखाने खरवडत राहावे, तसे ते होते आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. आबांनी एका बोटाने नळी गालाशी धरून ठेवली. नखभर. त्यांच्या हाताला नखभर म्हणजे काय! डोळे मिटून ते केसाची रेषा काढीत. अंगठा आणि तर्जनी यांत धरून हलकेच पुढे केले, तर खूण पुन्हा जागेवर जाईल, कोरडी पट्टी लावता येईल, पोरीचे पोट भरेल, आणि कोणाला काही कळणारही नाही. आबांची दोन बोटे नळीपर्यंत गेलीसुद्धा.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. “दुकान उघडं टाकून कुठे गेलास रे?” पोस्टमास्तर दारात उभे होते.

“उंबऱ्याबाहेर थांबा. आंघोळ केली नाहीत तुम्ही.”

“सकाळी केली आहे.”

“ती मोजत नाही. तिथेच थांबा. नळी सरकली आहे.”

पोस्टमास्तरांचा चेहरा उतरला. ते उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले. रडणे ऐकून ते काही वेळाने म्हणाले, “अरे, मग सरकव ना जरा. तुझ्यासारखा हात या रस्त्यावर दुसरा कुणाचा आहे?”

हेच वाक्य आबा मनात स्वतःला सांगत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते त्यांना वेगळे वाटले. एवढे गोड वाक्य सुरीवर लावलेल्या मधासारखे असते, असे त्यांच्या ध्यानात आले.

“हात माझा आहे, मास्तर. पोट तिचं आहे,” ते म्हणाले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी फोन लावला.

“सिस्टर, खूण बाहेर आली आहे.”

“किती?”

“नखभर.”

“दूध दिलंत?”

“नाही.”

“थेंबभर?”

“नाही.”

“श्वास कसा आहे? रंग?”

“रडून लाल झाली आहे. श्वास मोकळा आहे.”

“बरं. दूध देऊ नका. आत सारू नका. नळी आहे तिथेच बोटाने धरून ठेवा आणि चोखणी द्या. ओठ निळसर वाटले किंवा श्वास अडकला, तर मला नाही, थेट रुग्णवाहिकेला फोन. मी निघाले.”

त्यानंतरचा वेळ आबांच्या आयुष्यातला फार लांब वेळ होता. कोमट केलेले दूध समोर होते, बाळ भुकेले होते, आणि दोन्ही त्यांच्या हाताच्या अंतरावर असताना त्यांना काहीच करायचे नव्हते. काम करणे त्यांना आयुष्यभर सोपे गेले होते. काम न करणे किती अवघड असते, हे त्यांना त्या दुपारी कळले. त्यांनी मुंगीच्या तोंडात चोखणी दिली. ती तिने अशी ओढून धरली की आबांना आश्चर्य वाटले. चोखणे थांबले की ती रडे, आणि रडणे थांबले की ती पुन्हा चोखू लागे. पोस्टमास्तर पायरीवरून तिला उद्देशून जुन्या टपालाच्या गोष्टी सांगत राहिले. कोणते पार्सल कोठे हरवले, कोणाचे लग्न चुकीच्या तारेमुळे मोडले. त्यांतील निम्म्या बहुधा खोट्या असाव्यात.

सून आधी आली. रुग्णालयातच तिला कोणीतरी निरोप दिला होता. जिना चढता चढता तिला धाप लागली होती. तिच्यामागून सिस्टर आल्या, हात धुऊन बाळाजवळ बसल्या, छातीला यंत्र लावून ऐकले, आणि ठीक आहे अशी मान हलवली. मग त्यांनी ती सैल पट्टी काढली.

“कशी काय निघाली?” त्यांनी सहज विचारले.

“मीच लावली होती सकाळी,” सून घाईने म्हणाली. “रात्रभर डोळा लागला नव्हता. घाईत दाबली नसेल नीट. माझंच चुकलं. माझंच चुकतं सगळं.”

“होतं असं कधी कधी,” सिस्टर म्हणाल्या आणि पट्टी ताटलीत टाकून पिशवी उघडू लागल्या.

गोष्ट तेथेच संपली असती. कोणी आणखी काही विचारणार नव्हते. परंतु आबा सुनेकडे पाहत होते. मुंगी वेळेआधी जन्मली, तेव्हापासून ही मुलगी स्वतःचे दोष शोधत होती. जड उचलले म्हणून, जास्त उभी राहिले म्हणून, उशिरा जेवले म्हणून. डॉक्टरांनी तुझा काही दोष नाही असे सांगितले, तरी तिच्या मनातली दोषांची मोळी मोठीच होत होती. आज तिच्यावर आणखी एक काटकी पडत होती, आणि ती आबांच्या हातची होती. बोलले तर मुंगी पुन्हा काचेआड जाईल, ही भीती त्यांना होती. न बोलता मुंगी घरात राहिली, तर कशाच्या बळावर राहील, हेही त्यांना दिसत होते.

“पट्टी नीट होती, सिस्टर,” ते म्हणाले. “मी तेल लावलं.”

सिस्टरांचा हात पिशवीत थांबला. “कसलं तेल?”

“दुकानातलं. दाढीनंतर लावतो ते. गाल लाल झाला होता. मला बघवला नाही.”

सून त्यांच्याकडे वळली. “मी तुम्हाला विचारून गेले होते, आबा. सगळं ठीक ना म्हणून. तुम्ही हो म्हणालात.”

“मला ठीकच वाटलं होतं.”

“तुमच्या दुकानात ठीक असेल ते.”

“हो,” आबा म्हणाले. “दुकानातच ठीक आहे.”

आबांनी हात मागे बांधले आणि शाळेत उभे केलेल्या मुलाप्रमाणे ते भिंतीला टेकून राहिले. “वॉर्डात नेणार का तिला?” त्यांनी विचारले.

सिस्टरांनी चष्मा काढला. “दूध दिलं असतंत, तर आत्ता आपण वॉर्डातच असतो. तुम्ही दिलं नाहीत. नळीही सारली नाहीत. आणि कुणी पकडायच्या आत सांगितलंत.” त्यांनी पुन्हा चष्मा चढवला. “बाळ इथेच राहील. पण गाल लाल झाला, हे मला सकाळीच सांगायचं होतं. त्यासाठी पातळ पापुद्रा मिळतो. तो आधी कातडीवर लावायचा आणि पट्टी त्याच्यावर. आणि तेलाची ती बाटली पुन्हा वर दिसली, तर जिन्यावरून खाली फेकून देईन.”

“माझ्या डोक्यात पडेल, सिस्टर,” दाराबाहेरून पोस्टमास्तर म्हणाले. “मी इथेच बसलोय.”

सुनेला हसू आले आणि ते तिला नको होते, त्यामुळे ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पोस्टमास्तर समाधानाने जिना उतरून गेले.

सिस्टरांनी सरकलेली नळी पूर्ण बाहेर काढली आणि गाल कोमट पाण्याने पुसला. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी आधी कोणालाही जाणवली नव्हती. जन्मल्यापासून मुंगीच्या चेहऱ्यावर नळी किंवा पट्टी, काही ना काही होतेच. तिचा पूर्ण मोकळा चेहरा घरातल्यांनी आजवर पाहिलाच नव्हता. नळी आणि पट्टी जेथून जाई, त्या गालावर एक लहानशी खळी होती. सून ती खळी बघतच राहिली. आबांनी आयुष्यभर चेहरे पाहिले होते, तरी हा चेहरा पाहण्यासाठी ते भिंतीपासून पुढे आले.

“चोखणी कशी ओढत होती?” सिस्टरांनी विचारले.

“दात असते तर तोडली असती,” आबा म्हणाले.

“मग नवी नळी घालायच्या आधी जरा बघू या. घे तिला अंगावर,” त्या सुनेला म्हणाल्या.

आबा बाहेर जिन्यावर गेले. दार ओढलेले होते. आतून सिस्टरांचा हळू आवाज येत होता. “थांब. घेऊ दे श्वास. आता पुन्हा.” मग बराच वेळ काहीच आले नाही. खाली चपलावाला हातोडी आपटत होता, ती थांबावी असे आबांना वाटले, आणि का कोण जाणे, ती थांबली. मग आतून सुनेचा आवाज आला. तो इतका बारीक होता की ती कोणाशी बोलते आहे हे समजले नाही. “गिळतेय,” ती म्हणत होती. “सिस्टर, ती गिळतेय. ऐकू येतंय मला.”

मुंगीने पोटभर दूध घेतले असे नव्हे. थोड्या घोटांनंतर ती दमली, डोके बाजूला टाकून स्वस्थ पडली. राहिलेले दूध नळीनेच द्यावे लागणार होते, आणि अजून पुष्कळ दिवस द्यावे लागेल असे सिस्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी दुसऱ्या नाकपुडीतून नवी नळी घातली, आधी पापुद्रा आणि मग पट्टी लावली, आणि दोघांनाही ते पुन्हा पुन्हा करून दाखवले. रोज एकदा अंगावर घेऊन पाहायचे, दमली की थांबायचे, आणि हट्ट करायचा नाही, असे सांगून त्या गेल्या.

संध्याकाळी आबांनी दुकान बंद केले, आंघोळ केली आणि ते वर आले. पुढच्या दुधाची वेळ झाली होती. ते नेहमीच्या जागी न जाता दाराशीच थांबले. आपली पाळी आहे असे धरून चालणे त्यांना योग्य वाटेना.

सून बाळाचे कपडे घडी घालीत होती. तिने वर पाहिले नाही. “हात धुतलेत?”

“धुतले.”

“मग या. माझी पाठ भरून आली आहे.”

आबा पुढे झाले. त्यांनी पिचकारी घेतली, पण जोडली नाही. “तू आधी खूण बघ.”

“मी बघितली. आता तुम्ही बघा.”

त्यांनी वाकून पाहिले. काळी खूण नाकपुडीला टेकलेली होती. त्यांनी थेंब ओढून कागदावर टाकला, कागदाचा रंग बदलला. मग त्यांनी पिचकारी जोडली, दूध ओतले आणि हात वर धरला. दूध क्षणभर जागीच राहिले आणि नंतर सावकाश खाली सरकू लागले. मुंगी चोखणी ओढीत होती.

“उतरतंय,” ते म्हणाले.

“हं,” सून म्हणाली. तिने कपड्यांची चळत बाजूला सारली, पलंगावर पाय ओढून घेतले आणि भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. थोड्या वेळाने तिचा श्वास जड आणि संथ झाला. आबांचे कोपर थोडे खाली आले होते. ते त्यांनी आपणहून वर घेतले.